मागच्या गाडीतून सोनगीरपर्यंत

स्पर्धा सायकलींची होती आणि मी ती सगळी पाठमोरी पाहिली. तीन दिवस माझ्यासमोर चार पाठी होत्या, चार मागची चाकं होती आणि त्यांच्या पलीकडे खान्देशचा रस्ता. ज्यांनी हा प्रदेश पाहिलेला नाही त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. पण मी तो केळीच्या टेम्पोतून, सायकलच्या वेगानं पाहिला, हे आधीच सांगितलेलं बरं.

मी मूळचा कोकणातला. जळगावच्या एका कॉलेजात भूगोल शिकवतो. जिमखाना समितीच्या ज्या बैठकीत संघासोबतच्या गाडीची आणि माणसांची जबाबदारी कुणाकडे द्यायची हे ठरलं, त्या बैठकीला मी गैरहजर होतो. निवड एकमतानं झाली.

स्पर्धा तीन दिवसांची. जळगावहून धुळे, धुळ्याहून साक्रीमार्गे पिंपळनेर आणि तिसऱ्या दिवशी परत धुळ्यावरून सोनगीर. सहा संघ, प्रत्येकात चार जण. नियम असा की चौघांपैकी शेवटचा ज्या वेळी पोहोचेल ती संघाची वेळ. एक जण थकून मागे राहिला तर तिघांच्या वेगाचा काही उपयोग नाही, आणि एकानं सायकल सोडली तर संघ बाद. वाटेत चाक मोडलं तर फक्त स्वतःच्या संघाच्या गाडीतून किंवा आपल्याच जोडीदाराकडून ते घ्यायचं. दुसऱ्या कुणाची मदत घेतली की संपलं. म्हणून मागची गाडी महत्त्वाची. हे मला तेव्हा पाठ होतं. समजलं मात्र नंतर.

जळगाव

माघ महिना होता. शहरातली प्रत्येक मॅटॅडोर कुणाच्या ना कुणाच्या वऱ्हाडासाठी ठरलेली. गाडी शोधायच्या चौथ्या दिवशी मालधक्क्यावर हिरामणभाऊ भेटले. पारोळ्याकडचे, रावेर-यावलच्या मळ्यांतून केळीचे घड आणून रेल्वेच्या वाघिणीपाशी उतरवायचे, हा त्यांचा धंदा. मी विचारलं, "माणसं न्याल का?"

"मी केळी लई जास, सर," ते म्हणाले. "केळी काही बोलत नही, थांबा म्हनत नही."

"ही माणसंही बोलणार नाहीत. ती सायकलवर असतील. आपण फक्त मागे राहायचं."

"मांगे ऱ्हावानं? पुढे जावानंच नही?"

"नाही."

हिरामणभाऊंनी थोडा विचार केला. आयुष्यात पहिल्यांदाच कुणी त्यांना सावकाश चालवण्यासाठी गाडी मागत होतं. "जमी जाई," ते म्हणाले.

दुसरा माणूस सत्तारमिस्त्री. बसस्टँडच्या मागं त्यांचं सायकलचं दुकान होतं. त्यांनी गाडी आतून पाहिली आणि खूश झाले. खाली केळीच्या वाळक्या पानांचा हातभर थर होता, वर घड टांगायचे आकडे. त्यांनी त्या आकड्यांना सहा जादा चाकं टांगली. चौघांच्या सायकलींना एकाच मापाची चाकं आधीच बसवून घेतली होती, म्हणजे कुणाचंही कुणाला लागेल. पानांच्या थरात पाण्याचे माठ रुतवले. गाडी हलली की चाकं घडांसारखी डोलायची आणि माठ जागचे हलायचे नाहीत. इतकी नीट विचार करून केलेली व्यवस्था मी आमच्या कॉलेजात बारा वर्षांत पाहिली नव्हती.

मग अध्यक्षांचा माणूस आला. अध्यक्ष म्हणजे स्पर्धेच्या स्वागत समितीचे अध्यक्ष. आणखी कसले, हे सांगायची गरज नाही. ते एकंदरीतच अध्यक्ष होते. त्यांच्या माणसानं दोन पोती नारळ, शालींचं एक खोकं आणि नऊ हात लांबीचा कापडी फलक आणला होता. हे सगळं आमच्याच गाडीतून जाणार होतं.

"चाकांवर पडलं तर आरे वाकतील," सत्तारमिस्त्री म्हणाले.

"नारळांशिवाय स्वागत कसं होणार?" माणूस म्हणाला.

नारळ चढले.

भुसावळ

निघण्याच्या आदल्या दिवशी मी भुसावळला गेलो. आमच्या चौघांतला सगळ्यात दमदार सायकलस्वार, मिलिंद, तिथल्या रेल्वे कॉलनीत राहायचा. कॉलेज सोडून त्याला तीन वर्षं झाली होती, पण माजी विद्यार्थ्याला घेता येत होतं. काळ्या कौलांचं दोन खोल्यांचं क्वार्टर, दाराशी कढीपत्ता, भिंतीवर बुद्धाची तसबीर. वडील सुरत लाइनवरच्या एका लहान स्टेशनात पॉइंट्समन होते.

आमच्याकडे कोकणात पाहुण्याला 'चहा घेणार का' असं विचारतात, आणि त्या विचारण्यातच नको म्हणायची सोय ठेवलेली असते. खान्देशात विचारत नाहीत. कप हातात येतो. कपाच्या मागोमाग ताट आलं. वांग्याचं भरीत, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, वर कच्चं तेल. मी जेवून आलो होतो, हे सांगायला मिलिंदच्या आईनं जागाच ठेवली नाही.

जेवताना वडिलांनी सरळ सांगितलं. ते जूनमध्ये निवृत्त होणार होते. मग क्वार्टर सोडायचं. मिलिंद रेल्वेत लागला तर ते त्याच्या नावावर होण्याची आशा होती. खेळाडूंच्या भरतीची वयोमर्यादा त्याच्यासाठी याच वर्षी संपत होती, आणि पहिल्या दोन संघांना मिळणारं प्रमाणपत्र त्या भरतीत धरलं जाणार होतं. तिसऱ्याला टाळ्या.

"तुम्ही मागे आहात ना, सर?" त्याची आई म्हणाली. "मग काळजी नाही."

मी आहे म्हणालो.

जळगाव ते धुळे

सकाळी सातला निघायचं होतं. साडेआठला निघालो, कारण अध्यक्षांनी हिरवं निशाण हलवलं तेव्हा छायाचित्रकार चहा घेत होता, आणि ते पुन्हा हलवावं लागलं. मुलं पहिल्या निशाणाला निघून गेली होती. त्यांना परत बोलावून दुसऱ्यांदा सोडलं. मिलिंदनं परत येताना घड्याळाकडे बघितलं.

शहर सुटलं की गिरणेचं रुंद, कोरडं पात्र लागतं. मग काळी जमीन, वेचणी झालेल्या कपाशीच्या काड्या आणि अधूनमधून केळीचा हिरवा चौकोन, कुणी वरून ठेवून दिल्यासारखा. चौघं एकामागे एक, वारा वाटून घेत चालले होते; पुढचा थकला की बाजूला होऊन शेवटी यायचा. हे बघताना मला वाटलं, माणसांना एवढं जमतं तर समित्या का चालत नाहीत.

एरंडोलला रस्त्यावर कमान होती. कमानीखाली बाक, बाकावर हार, हारांमागे गाव. सायकलस्वार कमानीतून निघून गेले. ते स्पर्धेत होते, थांबणार कसे? मग गाव आमच्या गाडीपुढे आलं. अध्यक्षांनी वाटेवरच्या प्रत्येक गावाला पत्र पाठवून कळवलं होतं की संघांच्या वतीनं गाडीतले प्रतिनिधी सत्कार स्वीकारतील. प्रतिनिधी म्हणजे मी, सत्तारमिस्त्री आणि हिरामणभाऊ. बाकीच्या संघांनी आपापल्या जीप बाजूनं काढून नेल्या होत्या. टेम्पोला तेवढी जागा नव्हती. शिवाय नारळ आमच्याकडे होते, आणि ते हार घालणाऱ्या गावांना परतभेट म्हणून द्यायचे होते.

पारोळ्यापर्यंत असे चार सत्कार झाले. पारोळ्यात तर हिरामणभाऊंचे चुलते हार घेऊन उभे होते. "काय रे हिरामण," ते म्हणाले, "केळी वाहता वाहता पुढारी कधी व्हयना?" हिरामणभाऊ हारासकट स्टिअरिंगवर बसले आणि गाडी पुढे निघाली.

धुळ्याला पोहोचलो तेव्हा मुलं अर्ध्या तासापूर्वीच आली होती. मोडलं काही नव्हतं. पाणी मात्र संपलं होतं आणि मिलिंदनं एका विहिरीवरच्या बाईकडून ते मागून घेतलं होतं. पंचांच्या नजरेला पडलं असतं तर तीही दुसऱ्याची मदत ठरली असती.

एका शाळेत उतरायची सोय होती. शेवभाजी इतकी तिखट की संघाचा कप्तान प्रकाश, जो चाळीसगावचा म्हणून स्वतःला अस्सल खान्देशी म्हणवून घेत होता, डोळे पुसत जेवला. जेवण झाल्यावर सत्तारमिस्त्री म्हणाले, "सर, नियमात बसलं असतं तर उद्या मी एकटा जीपवाल्यांबरोबर गेलो असतो. दोन चाकं गळ्यात घातली असती. हारापेक्षा ती कामाची."

"थांबायचं नाही म्हटलं तर लोकांना वाईट वाटतं," मी म्हणालो.

"लोकं हार घेऊन उभा ऱ्हातस," हिरामणभाऊ म्हणाले. "त्यासना अंगवरथून गाडी कशी लई जावानी?"

मिलिंद आपली साखळी पुसत बसला होता. तो म्हणाला, "थांबू नका आणि नाहीही म्हणू नका. टोकनसारखं घ्या."

आम्हाला कळलं नाही, तेव्हा त्यानं करून दाखवलं. लहान स्टेशनात गाडी न थांबता जाते, पण पुढचा मार्ग मोकळा आहे याची खूण म्हणून इंजिनवाल्याला टोकन द्यावंच लागतं. ते वेताच्या मोठ्या कड्याला बांधलेलं असतं. पॉइंट्समन कडं उंच धरून उभा राहतो, इंजिनातला माणूस हात कोपरात वाकवून बाहेर काढतो आणि कडं हातात अडकतं. गाडी चालूच. त्याचे वडील तीस वर्षं हेच करत होते. मिलिंदनं सायकलची जुनी टायर उंच धरली आणि मला तीनदा तिच्या बाजूनं पळायला लावलं. तिसऱ्यांदा टायर माझ्या कोपरात नीट बसली.

"हात ताठ ठेवू नका, सर," तो म्हणाला. "ताठ ठेवला की लागतं."

धुळे ते पिंपळनेर

दुसऱ्या दिवशी ही युक्ती चालली. पांझरेच्या काठाकाठानं साक्रीकडे जाणाऱ्या रस्त्यावर मी खिडकीत कोपर वाकवून बसलो आणि गावागावांचे हार चालत्या गाडीतून घेतले. सत्तारमिस्त्री मागच्या फळीवरून एकेक नारळ लोकांच्या हातात सोडायचे. लोकांना सुरुवातीला धक्का बसायचा, मग ते हसायचे. एका गावात धोतर नेसलेले एक म्हातारे गृहस्थ शाळेच्या मुलांची रांग लावून उभे होते. त्यांचा हारही मी असाच उचलला. ते काहीतरी बोलत गाडीमागे दहा पावलं आले, पण ऐकू आलं नाही. त्या गावाचं नाव मी लिहीत नाही. पुढे जे झालं त्यात गावाची काही चूक नव्हती.

साक्रीनंतर जमीन चढायला लागते. काळी माती विरळ होते, साग दिसू लागतो, आणि पश्चिमेला डोंगर एकदम जवळ येतात. इथल्या वाड्यांवर कमानी नव्हत्या, हार नव्हते. डोक्यावर मोळ्या घेतलेल्या बाया रस्त्याच्या कडेला उभ्या राहून बघायच्या. एका बाईनं मोळी न उतरवता मिलिंदला नुसता हात दाखवला. तीन दिवसांत मी पाहिलेलं सगळ्यात चांगलं स्वागत तेच.

दोनदा पंक्चर झालं. दोन्ही वेळा सत्तारमिस्त्री गाडी थांबायच्या आत चाक घेऊन खाली होते. पिंपळनेरला ज्यांच्या ओसरीवर उतरलो त्या अक्कांनी नागलीची भाकरी आणि उडदाची डाळ वाढली. मिलिंद पाचव्या भाकरीवर होता तेव्हा अक्का म्हणाल्या, "हाऊ पोऱ्या सायकल नही चालाडत, भाकरीच चालाडस." मिलिंद मोठ्यानं हसला. त्या तीन दिवसांत मी त्याला तेवढं एकदाच तसं हसताना पाहिलं.

संध्याकाळी वेळांचा कागद लागला. आम्ही दुसरे होतो. तिसऱ्या संघाच्या सहा मिनिटं पुढे. पहिला संघ फार दूर होता, पण आम्हाला पहिलं व्हायचंच नव्हतं. मिलिंदनं तो कागद दोनदा वाचला आणि लवकर झोपायला गेला.

पिंपळनेर ते सोनगीर

तिसऱ्या दिवशी साक्री गेली तोपर्यंत सगळं ठीक होतं. मग ते धोतरवाल्यांचं गाव आलं. कालच्या अनुभवावरून ते शहाणे झाले होते. चौघा सायकलस्वारांना जाऊ दिलं आणि मग मुलांची रांग त्यांनी रस्त्यावर आडवी लावली. हिरामणभाऊंनी ब्रेक दाबला.

"एकच मिनिट, सर," ते म्हातारे गृहस्थ माझ्या खिडकीशी येऊन म्हणाले. गावातल्या शाळेतून निवृत्त झालेले गुरुजी होते ते. खिशातून त्यांनी वर्तमानपत्राची दोन कात्रणं काढली, घडीवर फाटू नयेत म्हणून मागून कागद चिकटवलेली. नद्यांवर मी कधीतरी जिल्ह्याच्या दैनिकात लिहिलेले लेख होते. "पांझरेवरचा तुमचा लेख मी मुलांना वाचून दाखवला आहे. आमच्या गावातून लेखक गेला आणि तो खाली उतरला नाही, हे बरं दिसेल का? दोन शब्द बोला."

माझे लेख कुणी कापून ठेवत असेल हे मला ठाऊक नव्हतं. माझ्या स्वतःच्या घरात ते रद्दीत गेले होते.

मी उतरलो.

टेबल होतं, त्यावर टेबलक्लॉथ होता, माइकही होता. शाल झाली, श्रीफळ झालं. मी म्हणालो, खरं तर असल्या सत्कारांवर माझा विश्वास नाही. लोक हसले. मी म्हणालो, आपल्याकडे सायकल चालवतो एक आणि हार घालतात दुसऱ्याला. टाळ्या पडल्या. मग मी हिरव्या निशाणाची गोष्ट सांगितली. सांगताना ती आणखी रंगत गेली. मग अध्यक्षांच्या नारळांची. मुलं बाकांवर आडवी होऊन हसत होती, गुरुजी मान डोलवत होते. सत्कारांत आपला समाज किती वेळ घालवतो याचा मी हिशेब मांडला. टेम्पोच्या मागच्या फळीवर सत्तारमिस्त्री एका हातात चाक धरून उभे होते. त्यांनी दुसऱ्या हातानं मनगटावरच्या घड्याळाकडे बोट दाखवलं. ते मला दिसलं. वाक्य अर्धं होतं, ते पुरं करावं म्हणून मी पुढे बोललो, आणि त्या वाक्यातून आणखी एक निघालं.

शेवटी हिरामणभाऊंनी हॉर्न वाजवला आणि तो वाजवतच राहिले.

गावापासून सहा-सात किलोमीटरवर, मैलाच्या एका दगडापाशी, मिलिंद उभा होता. त्याची सायकल बाभळीला टेकवलेली होती. तिला मागचं चाक नव्हतं.

प्रकाशचं चाक एका खड्ड्यात आपटून त्याची रिम चेपली होती. प्रकाश थांबला असता तर तो एकटा पुढच्यांना गाठू शकला नसता. म्हणून मिलिंदनं आपलं चाक त्याला दिलं आणि स्वतः थांबला. हिशेब बरोबर होता. गाडी मागेच आहे, दोन-तीन मिनिटांत येईल, चाक बसेल आणि तो वाऱ्यात एकटा जाऊनही तिघांना धरेल. त्याच्या हिशेबात चूक एकच होती, आणि ती गाडीत बसलेली होती.

"मिस्त्री, चाक," तो म्हणाला.

सत्तारमिस्त्रींनी मिनिटाच्या आत चाक बसवलं. मिलिंद निघाला. पुढचे दोन तास माझ्यासमोर एकच पाठ होती. धुळ्याला वळून आग्रा रोडला लागल्यावर वारा समोरून आला. ट्रक जवळून जायचे तेव्हा तो हवेनं बाजूला ढकलला जायचा आणि पुन्हा रेषेत यायचा. सत्तारमिस्त्री फळीवरून पाण्याची बाटली पुढे करायचे, तो ती घ्यायचा आणि मागं न बघता परत द्यायचा. माझ्या गळ्यातला हार तसाच होता, ते मला बऱ्याच वेळानं समजलं.

सोनगीरच्या अलीकडे किल्ल्याची टेकडी दिसायला लागली तेव्हा तिघंही दिसले. ते त्याच्यासाठी हळू झाले होते. चौघं एका ओळीत तांबटआळीवरून गेले. आत घागरी ठोकण्याचा आवाज चालू होता आणि तो कुणासाठी थांबला नाही.

चार मिनिटांनी दुसरा क्रमांक गेला.

किल्ल्याच्या पायथ्याशी मांडव होता. अध्यक्षांनी तिथे पाऊण तास भाषण केलं. मी ते नेहमीसारखं मनात हसत ऐकू शकलो नाही. तिसऱ्या संघाला टाळ्या मिळाल्या. मिलिंदनं पुढे जाऊन सगळ्यांना नमस्कार केला.

परत

उन्हं उतरताना आम्ही जळगावला निघालो. तिघं मागे केळीच्या पानांवर झोपले. मिलिंद पुढे, माझ्या आणि हिरामणभाऊंच्या मध्ये बसला. सत्तारमिस्त्री मागच्या जाळीला डोकं टेकून होते.

"गाडी बिघडली होती का, सर?" मिलिंदनं विचारलं.

हिरामणभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मी हो म्हणालो असतो तर त्यांनी ते निभावून नेलं असतं, हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं.

"नाही," मी म्हणालो. "गाडी चांगली होती. मी भाषण करत होतो."

त्यानं विचारलं, "किती वेळ?"

"अकरा मिनिटं," जाळीमागून सत्तारमिस्त्री म्हणाले. "हार-शालीचा टाइम वेगळा."

"कशावर बोललात?"

"सत्कारांत वेळ कसा वाया जातो, यावर."

तो हसेल असं मला वाटलं नव्हतं आणि तो हसला नाही. रस्त्याकडे बघत म्हणाला, "एक वऱ्हाडाचा ट्रक थांबला होता. बस म्हणाले, पुढं सोडतो. मी नाही म्हटलं. मग मला वाटलं, तुमच्या गाडीला काही झालं असेल. त्या उतारावर वळण वाईट आहे. मी समोरून आलेल्या दुसऱ्या एका ट्रकवाल्याला सांगितलं, मागं एक केळीचा टेम्पो दिसतो का बघा, आमची माणसं आहेत त्यात."

पारोळा आलं. तिथे हिरामणभाऊ चहाला थांबले. कप आले. हिरामणभाऊंनी बशीत ओतलेला चहा आधी मिलिंदपुढे ठेवला.

जूनमध्ये क्वार्टर सुटलं. सामान हलवायला हिरामणभाऊंची गाडी होती. त्यांना कुणी बोलावलं होतं की ते आपले आपण आले होते, मला ठाऊक नाही. मीही गेलो. पत्र्याची एक पेटी मी आणि मिलिंदच्या वडिलांनी मिळून उचलली. त्याच्या आईनं चहा दिला, आणि मी मागे होतो की नव्हतो याविषयी ती काही बोलली नाही. मिलिंद पुढे औष्णिक वीज केंद्रावर एका ठेकेदाराकडे रोजंदारीवर लागला.

पुढच्या वर्षी बैठकीला मी हजर होतो आणि गाडीचं काम मागून घेतलं. गावांना पत्रं या वेळी मीच लिहिली. त्यात एकच ओळ होती : गाडी थांबणार नाही, पाणी ठेवलंत तर आभारी राहू. मिलिंदला मी विचारलं तेव्हा तो दोन दिवसांची मजुरी सोडून आला. सायकलवर नाही; गाडीत, खिडकीच्या जागेवर. ती जागा मी त्याला दिली आणि मी मध्ये बसलो.

त्या गावात कमान नव्हती. मुलं रस्त्याच्या कडेला होती, आडवी नव्हती. गुरुजी एकटे पुढे उभे होते, हार दोन्ही हातांनी उंच धरून. माझं पत्र त्यांना पोहोचलं असणार. तरी त्यांनी हार आणला होता. वर्षभरात ते बरेच वाकले होते. हिरामणभाऊंचा पाय ब्रेककडे गेला, हे मी पाहिलं.

"चालू द्या, भाऊ," मिलिंद म्हणाला.

त्यानं कोपर वाकवून हात बाहेर काढला. हार हातात अलगद अडकला, गुरुजींना धक्काही लागला नाही. ते मागे राहिले, हात तसेच वर. मिलिंदनं हार माझ्या मांडीवर ठेवला आणि पुन्हा समोर बघू लागला. पुढे चौघंही दिसत होते.